‘ली’ आणि देवळाचे दार

हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर हे नाव आज पूर्णेवरील धरणामुळे परिचित झाले आहे. परंतु विचारांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला त्या परिसराचे महत्त्व निराळ्या कारणासाठी वाटावे. औंढा नागनाथाचे देवालय आणि परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानलेली नरसी ही दोन्ही स्थळे याच जिल्ह्यात आहेत. आणि बाह्य आचार व अंतःकरण यांचा परस्परसंबंध कोणता, या प्रश्नाला भिडणाऱ्या दोन कथा औंढ्याशी निगडित आहेत. कन्फ्यूशियसचा (ख्रि. पू. 551-479) सारा विचार याच प्रश्नाभोवती फिरतो. त्याची शिकवण मराठीत बहुधा सुटी सुभाषिते म्हणून येते आणि सुभाषितांशी कोणाचेच भांडण नसते. औंढ्याच्या कथांपुढे ती ठेवली म्हणजे मात्र तिचे बळ आणि तिचे वैगुण्य ही दोन्ही उघडी पडतात.

पहिली कथा सर्वश्रुत आहे. गोरोबांनी कच्चे ठरविलेले नामदेव गुरूच्या शोधार्थ औंढ्यास आले, तो विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. पिंड नसेल तेथे माझे पाय ठेव, असे विसोबांनी सांगितले. पाय ठेवावेत तेथे पिंड उमटू लागली. कथेचा रोख स्पष्ट आहे : ज्याला देव सर्वत्र दिसतो त्याला एका दगडापुरती मर्यादा उरत नाही. या कथेच्या प्रकाशात कन्फ्यूशियस हा प्रतिपक्षातला, म्हणजे कर्मठ आचार्य ठरेल, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो समज अर्धाच खरा आहे.

‘लुन्-यू’ या त्याच्या संवादसंग्रहात एक प्रसंग आहे. लू राज्यात प्रतिपदेस पितृमंदिरात मेंढा बळी देण्याचा विधी होता. पारंपरिक भाष्यानुसार राजे त्या विधीस येईनासे झाले होते. मेंढा तेवढा नेमाने दिला जात होता. त्झ-कुंग या शिष्याने तो बंद करावा असे सुचविले. गुरूचे उत्तर असे की, तुझा जीव मेंढ्यात आहे, माझा विधीत. हा उद्गार वरवर पाहता जडतेचा वाटतो. वस्तुतः त्यामागे एक विचार आहे : अर्थ हरपला तरी रूप शिल्लक असेल तर पुढची पिढी त्या रूपाचा माग काढीत अर्थापर्यंत पोहोचू शकते, रूपच पुसले तर शोधायलाही काही उरत नाही. शिवाय याच ग्रंथात अन्यत्र, ज्याच्या ठायी ‘रेन’, म्हणजे माणुसकी नाही, त्याला विधीचा काय उपयोग, असा प्रश्न कन्फ्यूशियस स्वतःच विचारतो. सारांश, विसोबांना रूप हे आवरण वाटते, कन्फ्यूशियसला ते पात्र वाटते. पात्र रिकामे असू शकते हे त्यालाही ठाऊक आहे.

किंबहुना कोणते रूप राखावे आणि कोणते सोडावे यासंबंधी त्याच्यापाशी एक कसोटीही होती. विधीत तागाची टोपी विहित होती. लोक रेशमाची वापरू लागले. त्यात काटकसर होती, म्हणून त्याने लोकांचे अनुसरण केले. पण राजाला दालनाखालून वंदन करण्याऐवजी वर चढून वंदन करण्याची प्रथा पडली, तेव्हा तीत उद्धटपणा आहे असे म्हणून तो एकटा जुन्या रीतीवर राहिला. बदलामागची वृत्ती तपासावयाची, ही ती कसोटी. आपल्याकडील आचारवादी पंडितांनी एवढा विवेक सर्वदा दाखविला असे म्हणता येणार नाही.

खरी अडचण दुसऱ्या कथेपाशी येते. कीर्तनास उभ्या राहिलेल्या नामदेवांना त्यांच्या जातीमुळे देवळासमोरून हटविण्यात आले. ते मागील बाजूस जाऊन गाऊ लागले आणि देऊळच फिरले. ही आख्यायिका औंढ्यास सांगतात. ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदे आहेत, त्यांतही देऊळ फिरल्याचा निर्देश आहे. येथे प्रश्न पोकळ विधीचा नाही, दारात कोणी उभे राहावयाचे याचा आहे. कन्फ्यूशियस राजद्वारातून कसा जात असे याचे वर्णन ‘लुन्-यू’त आहे : अंग आकसून घ्यावयाचे, दाराच्या मध्यभागी थांबावयाचे नाही, उंबऱ्यावर पाऊल द्यावयाचे नाही. हे वर्णन मनोहर आहे. पण ते ज्याला आत प्रवेश आहे त्याच्या विनयाचे वर्णन आहे. ज्याला दारातूनच परत धाडले त्याने काय करावे, याविषयी ‘ली’ मूक आहे.

शिक्षणात वर्गभेद मानू नये असे कन्फ्यूशियस म्हणाला, हे वचन त्याच्या बाजूने पुढे करता येईल, आणि ते करावयासही हवे. तथापि मेन्शियसने मांडलेल्या पाच संबंधांपैकी मैत्री वगळता चारही उच्चनीच भावाचे आहेत, आणि इतिहासाने त्या चारांचाच पक्ष घेतला. 1313 मध्ये, म्हणजे नामदेवांच्या (1270-1350) हयातीतच, युआन दरबाराने चू शी (1130-1200) याची भाष्ये राजपरीक्षेस प्रमाण ठरविली. ही परीक्षा 1905 पर्यंत टिकली. गरिबाच्या मुलालाही ती तत्त्वतः खुली होती, पण स्त्रियांना आणि ‘हीन’ गणलेल्या काही वंशपरंपरागत समूहांना नव्हती. त्या समूहांपैकी काहींना युंगचंग सम्राटाने 1723 पासूनच्या वर्षांत त्या दर्जातून मुक्त केले. 1919 च्या चळवळीतील तरुणांनी कन्फ्यूशियसवर जो रोष धरला त्याला ही पार्श्वभूमी होती. 1973-74 ची त्याच्याविरुद्धची मोहीम मात्र विचारापेक्षा राजकारणाचीच अधिक होती. त्याच चिनी राजसत्तेने 2004 पासून त्याच्या नावाच्या संस्था देशोदेशी काढल्या, व 2013 मध्ये मुंबई विद्यापीठातही एक आली, हा इतिहासाचा विनोदच.

देऊळ फिरल्याने दार उघडत नाही, हे महाराष्ट्रानेही पुढे अनुभवले. पंढरपूरचे दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडण्यासाठी साने गुरुजींना मे 1947 मध्ये उपोषण करावे लागले. तोवर चोखोबांच्या भक्तांना महाद्वाराबाहेरच थांबावे लागत होते.

या दृष्टीने ‘ली’चा मराठी प्रतिशब्द हा केवळ कोशकाराचा प्रश्न राहत नाही. ‘शिष्टाचार’ म्हटले तर मेंढ्याच्या प्रसंगातील गांभीर्य जाते. ‘कर्मकांड’ म्हटले तर टोपीच्या प्रसंगातील विवेक जातो. ‘मर्यादा’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा, कारण त्यात अदबही आहे आणि कुंपणही. अनुवादकाने तो योजावा. मात्र राजद्वाराच्या वर्णनाशी आल्यावर, येथे तो कोणत्या अर्थाने वाचावयाचा, हे टीपेत सांगावे.