बसलेल्या उंदरांचं म्हातारपण

या वेळी एका पेपरविषयी लिहितोय, जो मला आवडतो आणि जो बहुतेक जण अर्धाच वाचतात. २०१५, ‘नेचर मेडिसिन’, अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातली शार्लट पीटरसन यांची लॅब.

आधी थोडं मागचं. स्नायूच्या तंतूला चिकटून, त्याच्या आवरणाखाली, एक छोटी पेशी असते. १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांना ती बेडकाच्या स्नायूत दिसली. नाव सॅटेलाइट सेल, म्हणजे स्नायूची मूळपेशी. एरवी ती झोपलेली असते. पोटरीला जबर मार लागला की जागी होते, विभागते. तिच्या काही लेकी एकमेकींत मिसळून नवा तंतू घडवतात, काही पुढच्या वेळेसाठी परत झोपी जातात. वय झालं की या पेशी कमी होतात, जाग्याही उशिरा होतात. आणि त्या काढून टाकल्या तर उंदराची जखम भरतच नाही, हे २०११ मध्ये एकाहून जास्त गटांनी दाखवलं.

मग हिशेब सोपा वाटतो ना? पेशी घटल्या, म्हणून म्हातारपणी स्नायू वाळला. पीटरसन यांच्या गटाने हाच हिशेब तपासला. तरण्या उंदरांतल्या बहुतेक मूळपेशी मारल्या आणि ते म्हातारे होईपर्यंत वाट पाहिली. स्नायू वाळले, पण इतर म्हाताऱ्या उंदरांइतकेच! जखम मात्र नीट भरेना, आणि स्नायूत चिवट तंतुमय ऊतक वाढलं. दुरुस्ती वेगळी आणि झीज वेगळी, हे इतकं स्वच्छ आधी कुणी दाखवलं नव्हतं. दीड-दोन वर्षं थांबायचा धीर धरला, याचंही कौतुक करायला हवं.

आता तक्रार. पेपरच्या शीर्षकातच ‘बैठे उंदीर’ असं लिहिलंय, आणि उद्धृत करताना नेमका तो शब्द गळतो. पिंजऱ्यात बसून म्हातारा झालेला उंदीर कुणासारखा? आमच्या लोणंदला माउलींची पालखी मुक्कामाला येते, तेव्हा सत्तरीतली माणसं आळंदीहून चालत, नीरा ओलांडून आलेली असतात, आणि पंढरपूर अजून लांब असतं. त्यांच्या पोटऱ्यांवर हा निष्कर्ष डोळे झाकून लावायचा? मला नाही पटत.

ही शंका त्याच लॅबला आली, हे त्यांचं मोठेपण. २०२० मध्ये त्यांनी माद्यांना आयुष्यभर पळायला चाक दिलं. मूळपेशी नसलेल्या माद्या कमी पळाल्या, आणि व्यायामाने तंतू जाड व्हायला हवेत तसे झाले नाहीत. म्हणजे बसून राहणाऱ्याला या पेशींची उणीव जाणवत नाही, हलणाऱ्याला जाणवते. अर्थात चाक म्हणजे वारी नव्हे, आणि उंदीर म्हणजे आजी नव्हे. एवढ्यावरून वारकऱ्यांच्या मूळपेशी ठणठणीत असतात, असं कुणी म्हणू लागलं तर तेही मी खोडून काढीन.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे ‘स्टेम सेलने तरुण स्नायू’ अशा जाहिराती. इंजेक्शनने पेशी टिकून मिसळल्या, असं धरून चाललं तरी वरच्या दोन्ही पेपरांतून ‘बसल्या जागी ताकद परत’ हे निघत नाही. शिवाय भारतात २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या मूळपेशींचं ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर असे उपचार फक्त मान्यता असलेल्या चाचणीतच करता येतात. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा घरी कुणी दरपत्रक घेऊन आलं, तर आधी चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा.