६०८ दिवसांचा संसार

मोनिका हायसी ह्या कॅनेडियन लेखिकेची 'रिअली गुड, ॲक्चुअली' ही पहिली कादंबरी २०२३ साली प्रसिद्ध झाली. टोरोंटो शहरातील तिची नायिका मॅगी २९ वर्षांची आहे. प्रबंध रखडलेला, पैशांची ओढाताण, आणि लग्न अवघे ६०८ दिवस टिकलेले! कुशल विचारणाऱ्याला मात्र 'अगदी छान' हेच उत्तर. शीर्षकातील उपरोध तो हाच.

वैधव्याच्या शोकाला समाजाने रीत घालून दिली आहे. दोन वर्षेही न टिकलेल्या विवाहाबद्दल किती दिवस रडावे, हे मात्र कोणी सांगत नाही. ही रीत नसणे हेच ह्या कादंबरीतील विनोदाचे उगमस्थान होय, असे आम्हांस वाटते. मॅगी मग आपली रीत आपणच रचू लागते: नऊ छंद, पहाटे चार वाजता हँबर्गर, नव्या पुरुषांच्या भेटी. मध्येमध्ये येणाऱ्या याद्या, संदेश आणि इंटरनेटवरील शोध ह्यांना म्हणूनच निव्वळ चूष म्हणता येणार नाही. कॅनडाच्या कायद्यात वर्षभराचे विभक्त राहणे हा घटस्फोटाचा एक आधार आहे. कादंबरीही अशाच एका वर्षाची असल्यामुळे त्या रिकाम्या मुदतीचा भार पानोपानी जाणवतो.

आपल्याकडे चिं. वि. जोशींचा चिमणराव कितीही फजीत पावला, तरी त्याचे घर शाबूत असते आणि त्या भरवशावर आपण हसतो. जोशी बडोद्यास प्राध्यापक होते, आणि त्याच संस्थानात १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला, हा योगायोग मौजेचा खरा. येथे घरच उरलेले नाही. मग हे हसणे धैर्याचे की पळवाटेचे? लेखिका हा प्रश्न टाळत नाही, ह्यात तिचे मोठेपण आहे. मॅगीच्या कोट्यांवर आपण हसतो, आणि त्याच कोट्यांना तिच्या मैत्रिणी विटत चालल्या आहेत हे ध्यानी येताच आपलेच हसू आपल्याला टोचू लागते. तिची मार्गदर्शिका मेरिस, जी प्रेमाने पण कठोरपणे वागते, तिच्या प्रसंगांत हे विशेष साधले आहे.

दोषही आहेत. मधला भाग पुनरुक्तीने लांबला आहे. बहुतेक पात्रे मॅगीच्याच चतुर वाणीने बोलतात. आणि नवरा जॉन जवळजवळ अबोल राहिल्यामुळे त्याची बाजू अखेरपर्यंत कळत नाही. तरीही विनोदी कादंबरी शिकविणाऱ्या अध्यापकांनी हे पुस्तक चिमणरावाशेजारी ठेवून वाचावे, अशी आमची शिफारस आहे.