दोन पुस्तके आणि एक सदन

मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, दवाखाने चालविले, दुष्काळात अनाथ पोरे सांभाळली, असे कोणी म्हणाले की दुसरा कोणी लगेच विचारतो, 'ते खरे. पण हेतू काय?' महाराष्ट्रात हा प्रश्न दीडशेहून अधिक वर्षे विचारला जात आहे. त्याला कुत्सित ठरवून बाजूला सारणे मला योग्य वाटत नाही. उपाशी माणसाच्या हातावर भाकरी ठेवताना देणाऱ्याच्या मनात काय आहे, हे विचारण्याचा अधिकार समाजाला आहेच. अडचण एवढीच की दुसऱ्याच्या अंतःकरणात शिरण्याची सोय नाही. हेतू पारखायचा तो कृतीवरून, आणि लेखक असेल तर लेखनावरून. म्हणून मी मराठीतील दोन पुस्तके आणि कालक्रमाने त्यांच्यामध्ये उभे असलेले एक सदन पुढे घेतो.

पहिले पुस्तक बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन'. ते १८५७ साली प्रसिद्ध झाले आणि मराठीतील पहिली कादंबरी हा मान अनेक अभ्यासक त्याला देतात. बाबा स्वतः १८५४ साली ख्रिस्ती झालेले. येथे हेतू शोधावा लागत नाही; तो पानापानावर उभा आहे. यमुना आणि तिचा पती विनायकराव प्रवासाला निघतात, ठिकठिकाणी विधवांची दैन्यावस्था पाहतात, आणि लेखक प्रत्येक दुःखाच्या शेवटी धर्मोपदेशाची पुडी सोडतो. पुढे यमुनाच विधवा होते, ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. कलादृष्टीने पाहता ही मोठीच उणीव आहे. यमुनेला 'नाही' म्हणण्याची मुभाच नाही. तिचा मुक्काम लेखकाने ती घराबाहेर पडण्यापूर्वीच ठरवून ठेवला आहे. आणि तरीही, तिला वाटेत भेटणाऱ्या विधवा खऱ्या आहेत. त्यांचे हाल लेखकाने प्रचारासाठी रचलेले नाहीत. ते त्या काळी घरोघर होते. 'याचा हेतू धर्मप्रसाराचा' एवढे म्हणून ज्यांनी पुस्तक मिटले, त्यांनी त्या विधवांकडेही पाठ फिरविली, असे म्हणणे भाग आहे.

आता सदनाकडे वळू. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. पुढे अमेरिकेतून मिळालेल्या मदतीवर त्यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले आणि दुसऱ्याच वर्षी ते पुण्यास नेले. तेथे धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे ठरले होते. रमाबाई मात्र आपली प्रार्थना दार लावून करीत नसत, आणि काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने झोड उठविली. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागारही सदनापासून दूर झाले. हे लक्षात घेण्याजोगे आहे, कारण त्यांना सनातनी म्हणता येणार नाही. ज्या मुलीला परत जायला घर नाही, तिच्या दृष्टीने आश्रयदात्रीचे उघडे दार हेही एक प्रकारचे बोलावणेच असते. टीकाकारांचा हा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो.

परंतु त्याच सदनात शिकलेली गोदूबाई ही बालविधवा १८९३ सालीच धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झाली. ती हिंदूच राहिली आणि कर्व्यांच्या कार्यात हयातभर झिजली. सदनाचा हेतू केवळ जाळे टाकण्याचा असता, तर हे कसे घडले? आणि त्या मुलींना घराबाहेर आसरा शोधावा लागला तो कोणामुळे, हा प्रश्न टीकाकारांनी स्वतःला किती वेळा विचारला? रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्तिसदन उभारले ते उघड ख्रिस्ती संस्था म्हणून. मला तो मार्ग अधिक सरळ वाटतो.

दुसरे पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्या स्वतः झाल्या १९०० साली. मधल्या पाच वर्षांतच या पुस्तकाचे खरे मर्म आहे. ज्याने आयुष्य धर्मोपदेशाला वाहिले, त्याच्याच घरात बायको आपले सोवळे सांभाळून राहते! भांडणे होतात, रुसवे होतात. पण जात देवाने केली की माणसाने, हा विचार अखेर तिचे तिलाच करावा लागतो. यमुनेला जे मिळाले नाही ते लक्ष्मीबाईंना मिळाले: स्वतःच्या पावलांनी चालायला वेळ. म्हणूनच देवघरापुढे रोज बसणारी आजीही हे पुस्तक हसत-रडत वाचते, आणि आपल्याला कोणी बाटवू पाहत आहे अशी शंका तिला शिवत नाही. स्वतः टिळकांनीही १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला. ख्रिस्तावरील निष्ठा न सोडता परदेशी मिशनच्या चौकटीतून ते बाहेर पडले. मिशनऱ्यांवरील टीका केवळ बाहेरच्यांनीच केली, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

माझ्यापुरता निष्कर्ष हा, की देणाऱ्याचा हेतू कोणता, यापेक्षा घेणाऱ्याला नकार देता येतो का, हे आधी पाहावे. नकार देऊनही जिला पंगतीत पान मिळते, तिच्यावर कोणाचे उपकाराचे ओझे नाही. ही कसोटी मिशनऱ्यांना लावावी, आणि आपल्या मठांना, संस्थांना व घरांनाही लावावी. ज्यांनी ही दोन्ही पुस्तके वाचली नसतील, त्यांनी या सुट्टीत ती एकापाठोपाठ एक वाचावीत.