भुताचे व्हाउचर

मराठीत कवितेची समीक्षा होते, कादंबरीची होते, नाटकाची तर काही वेळा पडदा वर जाण्यापूर्वीच होते. पण जे पुस्तक लोक खरोखर वाचतात त्याच्याकडे समीक्षक मंडळी फिरकत नाहीत. आमच्या वाचनालयात एक पुस्तक आहे. त्याची शिवण तीनदा घालूनही सुटली आहे, कव्हर केव्हाच बेपत्ता झाले आहे आणि पानापानावर चहाचे, तेलाचे, एके ठिकाणी तर नक्की शिकरणाचे डाग आहेत. एवढे वाचकप्रेम लाभलेले हे पुस्तक म्हणजे काही ज्ञानेश्वरीवरचे भाष्य नव्हे. जगातल्या न उलगडलेल्या रहस्यांचा आणि अंगावर काटा आणणाऱ्या ‘सत्य’ घटनांचा तो संग्रह आहे. नाव सांगत नाही. अशी पंधरा पुस्तके मी वाचली आहेत आणि त्यांतली तेरा उरलेल्या दोनांवरून उतरवलेली आहेत, तेव्हा कुणा एकाचेच नाव घेणे अन्यायाचे होईल.

समीक्षकांनी टाकलेले हे काम मी अंगावर घेतो आहे. पात्रता विचाराल तर बी.कॉम., दुसरा वर्ग, आणि बँकेत वीस वर्षे दुसऱ्यांच्या सह्या न्याहाळण्याचा अनुभव. साहित्याचे जाणकार रस बघतात, लय बघतात, आशय की काय तेही बघतात. आम्ही व्हाउचर बघतो. खर्च पडला आहे ना, मग कागद दाखवा.

आता आधीच कबूल करून टाकतो, की मला ही पुस्तके मनापासून आवडतात. रात्री साडेअकरानंतर आवडतात. त्यानंतर बाथरूमला जाताना मी पॅसेजमधला दिवा लावतो, आणि येताना तो विझवून अंथरुणापर्यंतचे शेवटचे सहा-सात फूट ज्या वेगाने कापतो तो वेग मला कॉलेजातही कधी जमला नव्हता. “एवढं भ्यायचं तर वाचता कशाला?” असे आमची ही विचारते. मी तिला सांगतो, की माझा भुतांवर विश्वास नाही. “मग पळता कशाला?” या प्रश्नाला अजून तरी समाधानकारक उत्तर सापडलेले नाही.

या साहित्यप्रकाराची शैली ठरलेली असते. एका पानावर निदान चार उद्गारचिन्हे हवीत. शास्त्रज्ञ चकित व्हायला हवेत. या पुस्तकांतल्या शास्त्रज्ञांना चकित होण्याखेरीज दुसरा उद्योगच नसतो. आणि शेवटी ‘हे गूढ आजतागायत उकललेले नाही!’ हे वाक्य. एका पावसाळी रविवारी मी पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने दोन रकाने आखले. एकाला मथळा दिला ‘सांगितले कुणी’, दुसऱ्याला ‘पाहिले कुणी’. पहिला रकाना तासाभरात भरला. दुसरा ट्रायल बॅलन्सच्या दिवशीच्या माझ्या चेहऱ्यासारखा कोरा राहिला.

पहिलेच प्रकरण ‘मेरी सेलेस्ट’ या जहाजाचे. १८७२च्या डिसेंबरच्या सुरुवातीला अटलांटिक महासागरात, अझोर्स बेटे आणि पोर्तुगाल यांच्यामध्ये, हे जहाज वेडेवाकडे हेलकावत जाताना दुसऱ्या एका जहाजाला दिसले. वर माणूस नाही. इथपर्यंत सगळे खरे. पुढे लेखकाच्या अंगात येते. टेबलावर चहाचे कप, कपांतला चहा गरम, ताटात अर्धवट खाल्लेला नाश्ता! होड्या जागच्या जागी! मग माणसे गेली कुठे?

सुदैवाने या जहाजाची जिब्राल्टरच्या कोर्टात रीतसर चौकशी झाली होती आणि साक्षी लिहून ठेवलेल्या आहेत. जहाजावर प्रथम चढलेल्या माणसाने साक्षीत सांगितले, की जेवणाखाण्याची तयारी कुठेच नव्हती. होडी जागेवर नव्हती, गेलेली होती. दिशा आणि वेळ काढायची उपकरणे गेली होती, जहाजाचे कागद गेले होते. शेवटची नोंद २५ नोव्हेंबरची. म्हणजे जहाज सापडले तेव्हा त्या नोंदीला नऊ-दहा दिवस होऊन गेले होते. नऊ दिवस गरम राहणारा चहा! आमच्या कॅन्टीनमधला चहा जिना चढून टेबलापर्यंत येताना गार होतो. भुते असोत-नसोत, त्या चहाचे रहस्य मात्र कुणीतरी उलगडायलाच हवे.

होड्या जागच्या जागी ठेवल्या आर्थर कॉनन डॉयलने. होय, शेरलॉक होम्सवाल्यानेच. होम्स अजून जन्माला यायचा होता. १८८४ साली या डॉक्टरसाहेबांनी एका मासिकात या घटनेवर चक्क एक गोष्ट लिहिली, जहाजाचे नाव ‘मारी सेलेस्ट’ असे जरा बदलले, आणि होड्या तशाच टांगलेल्या दाखवल्या. गोष्ट होती, त्यांचा तो हक्कच. पण पुढच्यांनी ती जमेच्या बाजूला खरी म्हणून धरली, तिच्या पुढच्यांनी त्यावर चहा ओतला, आणि त्यांच्या पुढच्यांनी तो गरम केला. आमच्याकडे एकाने चुकीची रक्कम ओढली, की पुढचे सगळे तीच इमानाने पुढे ओढत नेतात, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की आमच्याकडे वर्षाअखेरीला ऑडिटर येतो.

जहाजावर १,७०१ पिंपे मद्यार्क होता आणि त्यांतली नऊ रिकामी निघाली. गळलेल्या मद्यार्काच्या वाफेने आता स्फोट होणार या भीतीने कप्तानाने सगळ्यांना होडीत उतरवले, होडी दोराने जहाजाला बांधली आणि दोर तुटला, असा एक तर्क आहे. तर्कच आहे. पण त्याला निदान नऊ रिकाम्या पिंपांचे व्हाउचर आहे.

मला खटकले ते वेगळेच. त्या प्रकरणात चहाच्या कपांना अर्धे पान आहे आणि माणसांना एक ओळ : ‘दहा प्रवासी अदृश्य!’ त्या दहांत सात खलाशी होते, कप्तान ब्रिग्ज होता, त्याची बायको सारा होती आणि दोन वर्षांची मुलगी सोफिया होती. साराने जहाजावर आपली बाजाची पेटी बरोबर घेतली होती. आणि त्यांचा आर्थर नावाचा सात वर्षांचा मुलगा शाळा बुडू नये म्हणून अमेरिकेत आजीकडे राहिला होता. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटले आणि आतल्या खोलीत जाऊन धाकट्याच्या अंगावरचे पांघरूण सारखे करून आलो. त्या रात्री पॅसेजमध्ये पळालो नाही. ज्याची भीती वाटत होती ते पॅसेजमध्ये नव्हतेच.

मधली प्रकरणे सोडून देतो. त्यांत एक शापित हिरा आहे, दोन रडणाऱ्या मूर्ती आहेत, आणि एका इंग्रज सरदाराचे मुंडके आहे, ते काखेत घेऊन तो स्वतःच फिरतो.

शेवटचे प्रकरण मात्र आपल्या घरचे, शनिवारवाड्याचे. ‘आजही पौर्णिमेच्या रात्री वाड्यातून किंकाळी उठते : काका, मला वाचवा!’ हा आवाज ऐकलेला माणूस महाराष्ट्रात भेटत नाही. ऐकलेल्याला ओळखणारा मात्र प्रत्येक लग्नात भेटतो. माझ्या मावससासऱ्यांच्या एका मित्राच्या घरमालकाने तो ऐकला आहे. एवढ्या लांबच्या ओळखीवर आम्ही बचत खातेसुद्धा उघडत नाही.

तरी न्याय म्हणून मी आणि माझा मेव्हणा एका पौर्णिमेला रात्री साडेदहाला दिल्ली दरवाजासमोर जाऊन उभे राहिलो. संध्याकाळीच फाटक बंद झालेले. चांदणे उत्तम. मेव्हणा शेंगदाणे खात होता. पंधरा मिनिटे झाली, वीस झाली, आणि पाठीमागून अगदी स्पष्ट, तरुण आवाजात हाक आली, “काका!” मेव्हण्याच्या हातातली पुडी पडली. माझे पाय जागच्या जागी खिळले. पुन्हा हाक आली, “ओ काका, बाजूला व्हा ना, गाडी काढायचीय!” स्कूटरवरचा एक पोरगा होता. मला चाळीस उलटल्याचा साक्षात्कार त्या जागी झाला. यापेक्षा भूत परवडले असते.

आता परीक्षण. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ या दिवशी झाला. तिथी होती भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. पौर्णिमा नव्हे, अमावास्याही नव्हे. वेळ दुपारची. म्हणजे या भुताने हुंडी वटवायला तिथीही चुकीची धरली आहे आणि वेळही कामकाजानंतरची. शिवाय जागा. ज्या दालनांतून ते पोर जीव घेऊन पळाले ती दालने १८२८च्या आगीत जळून गेली. तट उरला, दरवाजे उरले आणि आत जोती उरली. पण मुख्य आक्षेप पुढेच आहे. लेखक याला ‘न उलगडलेले रहस्य’ म्हणतो! अहो, यात रहस्य कुठले आले? गारदी थकलेल्या पगाराचा आरडाओरडा करीत वाड्यात शिरले. (आमच्या युनियननेही थकबाकीसाठी मोर्चे नेले आहेत, पण साहेबांच्या केबिनपर्यंत जाऊन, निवेदन देऊन, चहा घेऊन आम्ही परत येतो.) अठरा वर्षांचे नारायणराव धावत रघुनाथरावांच्या दालनात गेले, त्यांना बिलगले, आणि तिथेच गारद्यांनी त्यांना मारले. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि सत्तेवर बसलेल्या रघुनाथरावांना तोंडावर सांगितले, की तुम्ही दोषी आहात, याला प्रायश्चित्त देहान्त. एवढे सांगून ते पुणे सोडून निघून गेले. जगात किती खुनांचा तपास इतका सरळ लागतो? आणि आम्ही काय केले, तर निकाल लागलेल्या खटल्याचे पुन्हा गूढ करून ठेवले आणि न्यायाधीशाच्या जागी किंकाळी बसवली. किंकाळीची भीती वाटते, पण ती कुणाचे नाव घेत नाही. रामशास्त्र्यांनी घेतले होते.

राहता राहिले ‘ध’ चा ‘मा’. ‘धरावे’ या शब्दाचे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. मी तो कागद पाहिलेला नाही, आणि ज्यांनी मला ही गोष्ट सांगितली त्यांच्यापैकीही कुणी पाहिलेला नाही. पण घटकाभर खरे धरू. तर ज्याने तो कागद वठवला त्याने काउंटरवर बसायलाच नको होते. खाडाखोड केलेला चेक दिसला, की आमच्याकडचा नवीन लागलेला पोरगासुद्धा तो परत करतो. दस्तऐवजात महत्त्वाचा फेरफार झाला की तो रद्द, असे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या ८७व्या कलमात लिहिलेले आहे. कायदा १८८१चा, म्हणजे नारायणरावांना एकशेआठ वर्षे उशिरा आला, हे मान्य. पण मारण्याचा हुकूम हातात पडल्यावर ‘हे नक्की असेच आहे ना?’ एवढे विचारायला कायदा लागत नाही. मला तर वाटते, या गोष्टीमुळे सगळ्यांचीच सोय झाली. रघुनाथरावांनी फक्त धरायला सांगितले होते, गारद्यांनी फक्त लिहिलेले वाचले, आणि दोष सगळा एका बाईच्या बोरूचा.

या प्रकरणात एक नाव नाही म्हणून मी ते पुन्हा पुन्हा चाळले. त्या दुपारी वाड्यात नारायणराव एकटेच मेले नाहीत. चाकर मेले, दासी मेल्या. चाफाजी टिळेकर नावाचा एक सेवक होता. नारायणराव काकांना बिलगले तेव्हा काका हलले नाहीत. चाफाजीने मात्र स्वतःला नारायणरावांच्या अंगावर आडवे टाकले, आणि गारद्यांनी दोघांनाही मारले. ‘मला वाचवा’ ही हाक ऐकून जो खरोखर वाचवायला आला त्याचा आवाज अडीचशे वर्षांत कुठल्याही पौर्णिमेला, कुणाच्याही घरमालकाला ऐकू आलेला नाही. भुतांतसुद्धा शिपायाला प्रमोशन नाही असे दिसते.

मी पेन्सिल घेतली आणि त्या प्रकरणाच्या समासात ‘चाफाजी टिळेकर’ असे ठळक लिहिले. मग मेरी सेलेस्टचे पान काढून तिथे ‘आर्थर, वय ७, आजीकडे’ असे लिहिले. पुस्तक परत करायला गेलो तेव्हा वाचनालयाच्या बाईंनी पाने उलटून पाहिली. शिकरणाच्या डागावर त्या काही बोलल्या नाहीत.

“पुस्तकात लिहिलंय तुम्ही,” त्या म्हणाल्या. “दहा रुपये दंड.”

“बाई, जे लिहिलंय ते खरं आहे हो.”

“खरं असो की खोटं. लिहिलंय ना?”

दहा रुपये दिले. पावती मागून घेतली.