कर्टीझ, मायकेल

(२४ डिसेंबर १८८६ – एप्रिल १९६२). हंगेरियन-अमेरिकन चित्रपटदिग्दर्शक. जन्म बूडापेस्ट येथे एका ज्यू कुटुंबात. मूळ नाव मानो कामिनर. हंगेरीत तो मिहाय केर्तेस या नावाने ओळखला जाई. काही काळ रंगभूमीवर काम केल्यानंतर १९१२ मध्ये तो चित्रपटदिग्दर्शनाकडे वळला. १९१९ मध्ये त्याने हंगेरी सोडली आणि व्हिएन्नात सोडोम उंड गोमोरा (१९२२) यासारखे भव्य मूकपट निर्माण केले. त्यांमुळे लक्ष वेधले जाऊन वॉर्नर ब्रदर्स या संस्थेने १९२६ मध्ये त्यास हॉलिवुडला बोलाविले.

हॉलिवुडमध्ये त्याने शंभराच्या आसपास चित्रपट दिग्दर्शित केले. त्यांतील बहुसंख्य याच संस्थेचे. कथा, नट व चित्रीकरणाचे दिवस संस्था ठरवी, संकलनावर निर्मात्याचा अधिकार चाले. भयपट, गुन्हेगारीपट, सागरी साहसपट, संगीतिका, जे वाट्यास येईल ते त्याने केले. छायांचे खेळ आणि फिरता कॅमेरा यांची त्याची ओढ मात्र कायम राहिली. रचनेच्या चमत्कृतीपेक्षा पात्रांकडे पाहावे, असा निर्माता हॅल वॉलिसचा तगादा असे. द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड (१९३८, सहदिग्दर्शक विल्यम कीली) मधील द्वंद्वयुद्ध काही क्षण केवळ सावल्यांतून दिसते, तेथे ही हौस शोभून दिसते.

एंजल्स विथ डर्टी फेसेस (१९३८) मध्ये तीच हौस अर्थपूर्ण ठरते. वस्तीतील मुलांनी आपल्याला वीर मानू नये, म्हणून मरताना भ्याडपणाचे सोंग कर, अशी विनंती धर्मगुरू गुंडाला करतो. वधस्तंभाकडे नेतानाचा त्याचा आक्रोश भिंतीवरील सावल्या व घट्ट धरलेले हात यांतून दाखविला आहे. ते सोंग होते की खरी भीती, हे दिग्दर्शक सांगत नाही.

कॅसाब्लँका (१९४२) या त्याच्या सर्वश्रेष्ठ चित्रपटाची पटकथा चित्रीकरण चालू असतानाही पूर्ण झालेली नव्हती. त्यास सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन व पटकथा यांची ऑस्कर पारितोषिके लाभली. दिग्दर्शक हाच चित्रपटाचा कर्ता, या सिद्धांताचा अमेरिकन पुरस्कर्ता अँड्रू सॅरिस याने मात्र या यशास त्या सिद्धांताचा अपवाद मानले. हे मत अर्धेच ग्राह्य आहे. संवाद कर्टीझचे नव्हेत, हे खरे. परंतु कॉनरॅड फाइट, पीटर लोर, एस्. झेड्. साकाल अशा युरोपातून परागंदा झालेल्या नटांनी भरलेल्या त्या उपाहारगृहातील चेहऱ्यांवर कॅमेरा ज्या आस्थेने फिरतो, ती स्वतः देशांतर केलेल्या दिग्दर्शकाची आहे. फ्रेंच राष्ट्रगीताचा प्रसंग त्यामुळेच भाबडा होत नाही.

या आज्ञाधारक कौशल्याची दुसरी बाजू मिशन टू मॉस्को (१९४३) मध्ये दिसते. स्टालिनच्या खटल्यांना न्याय्य ठरविणारा हा युद्धकालीन प्रचारपट त्याने तितक्याच सफाईने केला. द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड (१९३६) च्या चित्रीकरणात तारांना अडखळवून घोडे पाडण्यात आले व त्यांत अनेक घोडे मेले. त्या चित्रपटाच्या वेगाचे कौतुक करताना हे विसरता येत नाही.

मिल्ड्रेड पीअर्स (१९४५) मध्ये जोन क्रॉफर्डकडून त्याने पारितोषिकविजेता अभिनय करवून घेतला. १९५० नंतरच्या दशकात वॉर्नर ब्रदर्सपासून दूर झाल्यावर त्याच्या कामाचा कस उतरला. व्हाइट ख्रिसमस (१९५४) लोकप्रिय असला, तरी शिथिल आहे. किंग क्रिओल (१९५८) मात्र एल्व्हिस प्रेस्लीच्या उत्तम चित्रपटांपैकी एक होय. द कोमँचेरोज (१९६१) हा अखेरचा चित्रपट चालू असताना तो आजारी पडला आणि काही भाग नायक जॉन वेनने दिग्दर्शित केला. हॉलिवुड येथे कर्करोगाने त्याचे निधन झाले.