वैद्यकीय अध्यापकाचे ललितलेखन : आत्मपरीक्षणाच्या अंगाने

एम.बी.बी.एस.च्या २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमूल्ये व संवाद यांवरील 'एटकॉम' हा घटक आला आणि त्याबरोबर विद्यार्थ्याने आपल्या अनुभवांवर चिंतनपर लेखन करणेही आले. ते तपासणारा अध्यापक स्वतः असे काही लिहितो काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ज्याने आपली चूक कधी कागदावर उतरवली नाही, त्याला विद्यार्थ्याचा खरा पश्चात्ताप आणि गुणांसाठी लिहिलेला पश्चात्ताप यांतील फरक कसा कळावा?

मराठीत डॉक्टरांच्या लेखनाची परंपरा क्षीण नाही. डॉ. अरुण लिमये यांच्या 'क्लोरोफॉर्म'ने वैद्यकीय व्यवसायातील अपप्रवृत्तींवर बोट ठेवले. अध्यापकाच्या भूमिकेच्या दृष्टीने मात्र डॉ. रवी बापट यांचे 'वॉर्ड नं. पाच, के.ई.एम.' अधिक जवळचे. शल्यचिकित्सेचे हे प्राध्यापक पुढे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ते विद्यापीठ आपल्या दिंडोरी रस्त्यावरच, म्हसरूळला आहे. वॉर्ड ही शिकण्याची व शिकवण्याची जागा म्हणून या पुस्तकात उभी राहते, हे त्याचे मोठे यश होय. तथापि ते दीर्घ सेवेनंतरचे सिंहावलोकन आहे. प्रसंगाचा शेवट ठाऊक असणारा निवेदक निश्चिंत असतो. आत्मपरीक्षणाला उपयोगी पडते ते शेवट ठाऊक नसताना, त्याच आठवड्यात केलेले लेखन.

येथे भाषेचा प्रश्न उद्भवतो. दिंडोरीकडील रुग्ण "पोटात कालवतंय", "जीव घाबरा होतो" असे सांगतो. केसपेपरवर त्याचे एक इंग्रजी लक्षण होते. निदानासाठी हे रूपांतर आवश्यकच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यात रुग्णाचा माणूस म्हणून असलेला आवाज गळतो, आणि तो गळल्याचे अध्यापकाच्याही ध्यानात राहत नाही. तोच प्रसंग रुग्णाच्या किंवा दाराशी ताटकळलेल्या सुनेच्या मुखातून लिहून पाहिला, तर राउंडवर आपण काय ऐकले नाही ते दिसू लागते. कल्पित निवेदनाचा उपयोग नेमका येथे आहे. शैली साधली नाही तरी चालेल.

एक अडचण मात्र राहते. तालुक्याच्या ठिकाणी केवळ नाव बदलून रुग्ण लपत नाही. गाव आणि आजार सांगितला की घर ओळखले जाते. म्हणून असे लेखन छापण्याची घाई करू नये. दोन-तीन सहकाऱ्यांना ते वाचून दाखवावे आणि वही मिटावी.