स्मारक-पात्रांवरील ‘आम्ही’

१७८३ मध्ये अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य झाल्यानंतर सुमारे अर्धशतक इंग्लंडमधील कुंभारांनी त्या देशाच्या बाजारपेठेसाठी स्मारक-पात्रे घडविली. कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून ठसा घेऊन तो भांड्यावर उतरविण्याची रीत लिव्हरपूलला १७५६ पासूनच रुळली होती. तीमुळे चित्राबरोबर मजकूरही सहज छापता येई. चित्रांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. येथे विचार करावयाचा आहे तो मजकुराचा.

१० सप्टेंबर १८१३ रोजी ईरी सरोवरावर अमेरिकन सेनानी पेरी याने ब्रिटिश नौदलाच्या तुकडीचा पराभव केला. शत्रूशी आमची गाठ पडली व तो आमच्या हाती आला, अशा अर्थाचा त्याचा विजयसंदेश त्याच्या चित्रासह इंग्लंडमध्ये तयार झालेल्या पात्रांवर छापलेला आढळतो. येथे ‘शत्रू’ म्हणजे खुद्द कुंभाराच्याच देशाचे आरमार!

अशा लेखाची दोन स्पष्टीकरणे सहज सुचतात: एक, हा निव्वळ निर्लज्ज धंदा, दुसरे, ही इंग्रज कारागिराची प्रजासत्ताकाविषयीची सहानुभूती. दोन्ही अपुरी आहेत. कारण लिहिणारा तोच बोलणारा, असे दोन्ही गृहीत धरतात. इंग्रजीतील प्रथमपुरुषी अनेकवचन श्रोत्याला सामावून घेते की वगळते, हे रूपावरून कळत नाही. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद स्पष्ट आहे. ते पात्र अमेरिकन घरातील फळीवर ठेवले की त्यातील सर्वनाम ‘आपण’ होते. भट्टीपाशी मात्र ते कोणाचेच नसते. कुंभार येथे वक्ता नसून, दुसऱ्याचे पत्र लिहून देणारा लेखनिक आहे. वॉशिंग्टनच्या स्वर्गारोहणाचे लिव्हरपूलच्या पात्रांवरील चित्रदेखील बॅरॅलेटने १८०२ मध्ये फिलाडेल्फियात प्रसिद्ध केलेल्या चित्रावरूनच उचललेले आहे.

पुढे स्टॅफर्डशायरच्या गडद निळ्या थाळ्यांवर ही वाणी मंदावते. क्ल्यूज बंधूंच्या प्रसिद्ध थाळीवर लाफायेत १६ ऑगस्ट १८२४ रोजी न्यूयॉर्कच्या कॅसल गार्डनला उतरतो. तेथे मजकूर केवळ प्रसंग, स्थळ व तारीख सांगतो. अलंकरणात ही थाळी निःसंशय सरस आहे; परंतु तिच्यातून कोणी बोलत नाही. जुनी पात्रे ओबडधोबड असूनही अधिक अर्थवाही वाटतात, ती या उसन्या वाणीमुळे.

तेव्हा या पात्रांवरून इंग्रज कारागिराचे मत काढू पाहणे व्यर्थ होय. ग्राहकाला स्वतःविषयी काय ऐकावेसे वाटेल याचा त्याने बांधलेला अंदाज, एवढीच त्यांची साक्ष. आणि ती मोलाची आहे.